विरोधी सभेपुढे उभा राहिलेला मुख्यमंत्री

बारामती तालुक्यातील पणदरे हे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे गाव. गावाच्या दक्षिणेला नीरा वाहते. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा जिल्ह्यातील फलटण तालुका. दोन्ही काठांवरची माती एक, पिके एक, सोयरीकही एकमेकांत. १ डिसेंबर १९५५ रोजी या नदीपलीकडच्या फलटण गावात सातारा जिल्ह्यातील काँग्रेस कार्यकर्त्यांची बैठक भरली होती. तिथे एका बेचाळीस वर्षांच्या मंत्र्याने केलेले भाषण पुढची चार-पाच वर्षे मराठी मुलखात जिथे तिथे त्याच्या आडवे आले. त्या मंत्र्याचे नाव यशवंतराव बळवंतराव चव्हाण.

संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्या वेळी ऐन भरात होती. पंडित नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आलीच, तर आपण नेहरूंचे नेतृत्व पत्करू, अशा आशयाची भूमिका यशवंतरावांनी फलटणला मांडली. शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखालील संयुक्त महाराष्ट्र परिषदेशी त्यांनी त्याच वेळी फारकत घेतली. समोर बसलेले लोक त्यांचेच होते. त्यांनी भाषण मान्य केले. पण बैठकीबाहेरच्या महाराष्ट्राने ते मान्य केले नाही. फितुरीसाठी बदनाम असलेल्या सूर्याजी पिसाळाचे नाव यशवंतरावांना चिकटवले गेले आणि सभांतून, वृत्तपत्रांतून, भिंतींवरून ते गाजू लागले.

आपल्याच माणसांसमोर बोलणे सोपे असते. विरोधात गेलेल्या समाजासमोर जाऊन तीच भूमिका पुन्हा मांडावी काय, की वादळ शमेपर्यंत गप्प बसावे, हा प्रश्न फलटणनंतर यशवंतरावांपुढे उभा राहिला. त्यांच्या पुढच्या आयुष्याचा बराच भाग या प्रश्नाच्या उत्तरात गेला.

घरातला विरोध, घराबाहेरचा विरोध

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी मोठ्या हालअपेष्टांत मुले वाढवली. घर कऱ्हाडला होते आणि शिक्षण तिथल्या टिळक हायस्कुलात चालले होते. थोरले बंधू गणपतराव यांचा ओढा सत्यशोधकी, ब्राह्मणेतर विचारांकडे होता. त्या काळी साताऱ्यातील बहुजन समाजाच्या अनेक घरांत काँग्रेस म्हणजे शेटजी-भटजींचा पक्ष अशीच समजूत होती. अशा घरातला मुलगा गांधीजींच्या चळवळीत ओढला गेला, तेव्हा त्याला पहिला वाद घालावा लागला तो घरातल्याच माणसांशी. तो वाद भांडणाचा झाला नाही. थोरल्या भावाने धाकट्याला आपल्या मार्गाने जाऊ दिले आणि धाकट्याने थोरल्याच्या विचारांतील सामाजिक न्यायाचा भाग कायमचा आपलासा केला.

१९३२ च्या चळवळीत त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात वाचन झाले, वेगवेगळ्या विचारांची माणसे भेटली. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षण वाटले. काही काळाने ते त्यापासून दूर झाले, पण वैचारिक मतभेद हा शत्रुत्वाचा विषय नसतो ही शिकवण त्यांच्यात रुजली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून ते १९३८ मध्ये पदवीधर झाले, पुण्यात कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९४२ च्या जूनमध्ये वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत चलेजाव आंदोलन सुरू झाले. यशवंतराव भूमिगत झाले आणि त्याची झळ घरच्या माणसांना सोसावी लागली.

१९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि संसदीय सचिव झाले. त्यानंतर लवकरच आणखी एक कसोटीचा क्षण आला. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला आणि काँग्रेसमधील बहुजन समाजाचे अनेक तरुण कार्यकर्ते तिकडे निघाले. त्यांत यशवंतरावांचे मित्र, सहकारी होते. यशवंतराव गेले नाहीत. काँग्रेस सोडून बहुजन समाजाचे राजकारण एका कोपऱ्यात जाईल, असे त्यांचे मत होते आणि ते मत पटवून देण्यासाठी त्यांना ज्यांच्यासोबत तुरुंग भोगला त्यांच्यासमोरच बोलावे लागले. सगळ्यांना ते पटले नाही. पुढे बारामती, इंदापूरपासून सांगली, कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्यात काँग्रेस आणि शेतकरी कामगार पक्ष यांचा सामना वर्षानुवर्षे चालला. मात्र शेकापच्या नेत्यांशी असलेला त्यांचा घरोबा तुटला नाही.

चौपाटी आणि अहमदाबाद

फलटणच्या बैठकीच्या अकरा दिवस आधी मुंबईत जे घडले, ते लक्षात घेतल्याशिवाय यशवंतरावांच्या पुढच्या वागण्याचा अर्थ नीट लागत नाही. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर काँग्रेसची जाहीर सभा झाली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे बलाढ्य नेते स. का. पाटील हे वक्ते होते. समोरचा समुदाय मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणारा होता, हे दोघांनाही ठाऊक होते. विरोधी श्रोत्यांसमोर जाण्याचे धाडस दोघांनी दाखवले, हे खरेच. पण ते गेले ते समजावून सांगायला गेले नाहीत. मुंबई महाराष्ट्राला कधीही मिळणार नाही, असे त्यांनी डिवचणाऱ्या भाषेत सांगितले. सभा उधळली गेली, दगड आणि चपला पडल्या. दुसऱ्या दिवशी विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर पुन्हा गोळीबार झाले. हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

विरोधी श्रोत्यांपुढे जाण्याचा आणखी एक अनुभव त्याच वर्षी अहमदाबादेत आला. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने मुंबईचे मोठे द्विभाषिक राज्य करण्याचा निर्णय घेतला आणि गुजरातेत महागुजरातची चळवळ भडकली. मोरारजी अहमदाबादला गेले, तेव्हा लोकांनी स्वतःहून संचारबंदी पाळली. घराबाहेर पडायचेच नाही, असा तो बहिष्कार होता. मोरारजींनी उपोषण केले. २ ऑक्टोबर १९५६ रोजी खुद्द नेहरूंची लाल दरवाजा मैदानावर सभा झाली, तर त्याच वेळी इंदुलाल याज्ञिक यांनी शहरात समांतर सभा घेऊन प्रचंड लोकसमुदाय जमवला. मुंबईत श्रोत्यांनी सभा उधळली, अहमदाबादेत श्रोत्यांनी सभेकडे पाठ फिरवली. दोन्हींचा अर्थ एकच होता. सत्तेवरच्या माणसाने बोलायचे आणि लोकांनी ऐकायचे, हा करार मोडला होता.

या मोडलेल्या कराराचे ओझे घेऊन यशवंतराव मुख्यमंत्री झाले. मोरारजी नेतेपदाच्या स्पर्धेतून बाजूला राहिले. निवडणुकीत भाऊसाहेब हिरे यांचा मोठ्या फरकाने पराभव करून यशवंतराव विधिमंडळ पक्षाचे नेते झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचा कारभार त्यांनी हाती घेतला. वय त्रेचाळीस. ज्या राज्याचे ते मुख्यमंत्री झाले, ते राज्य मराठी माणसालाही नको होते आणि गुजराती माणसालाही.

काळी निशाणे आणि निसटता विजय

अशा राज्याच्या मुख्यमंत्र्यापुढे दोन वाटा होत्या. सचिवालयात बसून कारभार करायचा, सरकारी समारंभांपुरते बाहेर पडायचे आणि लोकमत थंड होण्याची वाट पाहायची, ही एक. पोलिसांच्या कड्यात निवडक श्रोत्यांसमोर बोलायचे आणि विरोधकांना समाजकंटक म्हणून मोडीत काढायचे, ही दुसरी. यशवंतरावांनी तिसरी वाट धरली. ते फिरले. पश्चिम महाराष्ट्रातील गावे, तालुके त्यांनी पालथे घातले. काळी निशाणे दिसली, निषेधाच्या घोषणा झाल्या, सभांत गोंधळ झाला. आचार्य अत्रे यांचे दैनिक ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झाले होते. त्यातून यशवंतरावांवर रोज आसूड ओढले जात. शाहिरांचे डफ गावोगावी त्यांच्याविरुद्ध कडाडत होते.

या दौऱ्यांतील त्यांच्या बोलण्याची एक पद्धत होती. समोरच्यांची मागणी खोटी आहे, असे ते म्हणत नसत. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, ही इच्छा आपलीही आहे, हे ते मान्य करीत. पण संसदेने निर्णय दिला आहे, तो राबवून पाहिला पाहिजे आणि त्यात बदल व्हायचा तर तो दिल्लीशी भांडून न होता दिल्लीला पटवून होईल, असा त्यांचा युक्तिवाद असे. विरोधकाचे नाव घेतानाही त्यांचा आवाज चढत नसे. चौपाटीच्या सभेत श्रोत्यांना डिवचल्याने काय झाले, ते सर्वांनी पाहिले होते.

तरीही या भाषणांनी लोकांची मते तेव्हा बदलली, असा दावा कोणी करू नये. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. अत्रे, एस. एम. जोशी विधानसभेत आले. खुद्द यशवंतराव कऱ्हाडमध्ये निसटत्या मतांनी निवडून आले. काँग्रेसचे बहुमत टिकले ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर. राजकीय हिशेबाने पाहिले, तर विरोधी श्रोत्यांपुढे केलेल्या त्या सगळ्या भाषणांचे फळ मतपेटीत मिळाले नाही.

फळ वेगळ्या रूपात मिळाले. निवडणुकीनंतर विधानसभेत यशवंतरावांसमोर जे विरोधक बसले, त्यांना मुख्यमंत्री परका नव्हता. तो आपल्या गावात येऊन, शिव्या खाऊन, आपले म्हणणे सांगून गेलेला माणूस होता. त्यामुळे विधानसभेतील झुंज कडवी झाली तरी संवाद तुटला नाही. समितीच्या सभासदांच्या सूचना स्वीकारण्याचा मोकळेपणा यशवंतरावांनी दाखवला. त्यांच्या या वृत्तीला पुढे बेरजेचे राजकारण असे नाव मिळाले.

प्रतापगडाची वाट

या साऱ्याची खरी परीक्षा ३० नोव्हेंबर १९५७ रोजी झाली. प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. समितीचा या समारंभाला विरोध होता. नेहरूंच्या जुन्या लेखनात शिवरायांविषयी आलेल्या काही उल्लेखांचा राग मराठी मनात होता. नेहरूंनी त्यांत पुढे दुरुस्ती केली होती, तरी तो राग विझलेला नव्हता. त्यात मुंबईचा प्रश्न धगधगत होता. पंतप्रधानांना त्या दिवशी गडावर आणणे धोक्याचे आहे, असे सुचवणारे लोक यशवंतरावांच्या भोवती कमी नसावेत. समारंभ पुढे ढकलता आला असता. मुंबईतच एखाद्या सभागृहात काही कार्यक्रम करून वेळ मारून नेता आली असती. यशवंतरावांनी समारंभ ठरल्याप्रमाणे होऊ दिला.

समितीने प्रचंड निदर्शने करण्याचे ठरवले. एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही निदर्शने शांततेने पार पाडण्याची जबाबदारी घेतली. वाईपासून पसरणीच्या घाटापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसे काळी निशाणे घेऊन उभी राहिली. लांबलांबच्या जिल्ह्यांतून, मिळेल त्या वाहनाने आणि पायी लोक आले होते. पंतप्रधानांची गाडी त्या माणसांच्या भिंतींमधून गडाकडे गेली आणि मुख्यमंत्री पंतप्रधानांच्या बरोबर होते. घोषणा आकाशाला भिडल्या, पण अनर्थ घडला नाही.

त्या दिवसाचे श्रेय दोघांना द्यावे लागते. लाखमोलाचा संयम राखणाऱ्या समितीला आणि पंतप्रधानांना दुसऱ्या वाटेने न नेणाऱ्या मुख्यमंत्र्याला. त्या घाटात नेहरूंनी जे पाहिले, ते कोणत्याही अहवालातून किंवा शिष्टमंडळाकडून कळले नसते. मूठभर पुढाऱ्यांनी चालवलेले हे आंदोलन नाही, सामान्य शेतकरी आणि कामगार त्यात उतरला आहे, याचा पुरावा रस्त्याच्या दुतर्फा उभा होता. प्रतापगडानंतर दिल्लीचा विचार बदलत गेला, असे त्या काळाचे जाणकार मानतात.

इथे फलटणच्या भाषणाचा हिशेबही पुरा होतो. फलटणला यशवंतरावांनी नेहरूंना निवडले होते. प्रतापगडच्या वाटेवर त्यांनी ज्यांना निवडले त्या नेहरूंना, ज्यांना नाकारले असे वाटत होते त्या लोकांसमोर आणून उभे केले. द्विभाषिक राज्य चालत नाही, हे पुढे त्यांनी दिल्लीला सांगितले, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होते. विरोधकाचा शब्द दिल्लीने झटकून टाकला असता; निष्ठावंताचा झटकता आला नाही. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी इंदिरा गांधी असताना द्विभाषिकाचा फेरविचार झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बेळगाव, कारवार बाहेर राहिले, डांग गुजरातेत गेले. त्याबद्दलचा समितीचा रोष रास्त होता आणि सीमाभागाचे दुखणे तेव्हापासून आजवर चालूच आहे.

याच काळात त्यांच्या कारकिर्दीवर एक डागही पडला. १९५८ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबादेत महागुजरात चळवळीतील हुतात्म्यांच्या स्मारकावरून आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. गुजराती श्रोत्यांशी यशवंतरावांना कऱ्हाड-साताऱ्यासारखे बोलता आले नव्हते. भाषा परकी होती आणि प्रतापगडच्या घाटातल्यासारखी, दोन्ही बाजूंनी सांभाळलेली शांतताही तिथे जमली नाही.

मराठी की मराठा

नवे राज्य झाले आणि विरोधी श्रोते बदलले. विदर्भात स्वतंत्र राज्याची मागणी करणारे होते. नागपूरकरांना राजधानी गेल्याचे दुःख होते. राज्याची सूत्रे एकाच जातीच्या हाती जातील, अशी भीती सुशिक्षित वर्गात होती. नागपूरचे ज्येष्ठ पत्रकार ग. त्र्यं. माडखोलकर यांनी ती भीती उघड बोलून दाखवली. हे राज्य मराठी होणार की मराठा, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता. अशा प्रश्नाला बगल देणे कोणत्याही पुढाऱ्याला सोयीचे वाटले असते. यशवंतरावांनी त्याचे उत्तर जाहीर सभेत दिले. राज्य मराठी जनतेचे राहील, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. प्रश्न विचारणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेतली नाही. हे वचन पुढच्या राजकारणाने किती पाळले, हा वेगळा आणि अस्वस्थ करणारा विषय आहे. पण वचन देणाऱ्याने ते विरोधकाच्या तोंडावर दिले होते, त्यामुळे पुढे त्याचा जाब विचारता आला.

विचारवंतांनाही त्यांनी असेच जवळ केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे साहित्य संस्कृती मंडळ सोपवले. सहकाराच्या उभारणीत धनंजयराव गाडगीळ यांच्या विद्वत्तेचा मान राखला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर गाडगीळ त्यांच्या विरुद्ध बाजूला होते, याची आडकाठी आली नाही. महार वतने रद्द करणारा कायदा झाला, नवबौद्धांना सवलती मिळाल्या, जिल्हा परिषदा १९६२ च्या महाराष्ट्र दिनी अस्तित्वात आल्या. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुणे उद्ध्वस्त झाले, तेव्हा पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाकडे देण्याची दृष्टी त्यांनी दाखवली.

बारामतीच्या परिसरात त्या काळाची एक आठवण सांगितली जाते आणि ती त्या वातावरणाची कल्पना देते. केशवराव जेधे यांच्या निधनानंतर १९६० मध्ये बारामती लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव यांना उमेदवारी दिली. समोर शेतकरी कामगार पक्षाच्या बाजूने उभे होते काटेवाडीचे वसंतराव पवार. वसंतरावांचे धाकटे बंधू शरद हे काँग्रेसचे तरुण कार्यकर्ते. त्यांनी सख्ख्या भावाच्या विरोधात प्रचार केला. आई शारदाबाई शेकापच्या विचारांच्या, १९३८ पासून लोकल बोर्डात काम केलेल्या. त्यांनी धाकट्या मुलाला अडवले नाही. एका घरात दोन पक्ष राहू शकतात आणि संध्याकाळी एकाच पंगतीला बसू शकतात, हे नीरा खोऱ्यातील गावांनी तेव्हा पाहिले. १९६७ मध्ये याच शरद पवारांना विधानसभेची उमेदवारी देण्यास स्थानिक काँग्रेसजनांचा विरोध होता. तो विरोध ऐकून घेऊनही यशवंतराव तरुणाच्या पाठीशी उभे राहिले.

दिल्लीतील श्रोता

१९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ मध्ये नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटले होते, त्यांनीही उमेदवार उभा केला नाही. विरोधकांसमोर जाऊन बोलण्याचे, त्यांचे ऐकण्याचे फळ मिळाले असेल, तर ते हे होते. गृहमंत्री असताना त्यांनी संस्थानिकांशी तनख्यांच्या प्रश्नावर वाटाघाटी केल्या. त्यांच्याइतके विरोधी श्रोते त्या काळी दुसरे नसतील. तडजोड झाली नाही, पण यशवंतरावांनी बोलणी कधी तोडली नाहीत.

मात्र गर्दीपुढे निर्भय असलेला हा नेता एका श्रोत्यापुढे गप्प राहिला. तो श्रोता म्हणजे स्वतःच्या पक्षाचे सर्वोच्च नेतृत्व. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते. एस. एम. जोशींचे अनेक सहकारी, ज्यांच्याशी त्यांनी आयुष्यभर वाद घातले, असंख्य कार्यकर्ते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर बंधने आली. यशवंतरावांनी जाहीर विरोध केला नाही, राजीनामा दिला नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांच्या कऱ्हाड गावी मराठी साहित्य संमेलन भरले. यशवंतराव स्वागताध्यक्ष होते आणि संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा आवाज उठवला, तुरुंगवासानंतर गंभीर आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी संमेलनाला उभे राहून प्रार्थना करायला लावली. एरवी यशवंतराव बोलत आणि विरोधक ऐकत. या वेळी विरोधक बोलल्या आणि सत्तेतील माणूस आपल्याच गावात ऐकत राहिला. संमेलन पार पडले. दुर्गाबाईंना पुढे १९७६ मध्ये अटक झाली. कऱ्हाडच्या मंडपात यशवंतरावांच्या मनात काय चालले असेल, याचा तर्क अनेकांनी केला आहे. विरोधकाचे ऐकून घेण्याची सवय शाबूत होती; ऐकलेले दिल्लीत जाऊन सांगण्याचे बळ १९५९ मध्ये होते तसे १९७५ मध्ये उरले नव्हते.

त्यानंतरचा प्रवास उताराचा आहे. १९७७ मध्ये ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले, १९७९ मध्ये चरणसिंग सरकारात काही महिने उपपंतप्रधान. १९८० ला इंदिरा लाटेतही साताऱ्याने त्यांना निवडून दिले. १९८१ मध्ये ते पुन्हा इंदिरा गांधींच्या पक्षात परतले, पण जुना मान परत आला नाही. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि ते एकटे पडले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

पुढाऱ्याने विरोधी श्रोत्यांसमोर जावे काय, या प्रश्नाला त्यांचे आयुष्य सरळ उत्तर देत नाही. गेल्याने मते मिळतील, याची खात्री नाही. कऱ्हाडचा निसटता निकाल त्याचा साक्षीदार आहे. डिवचायला जायचे तर न गेलेले बरे, हे चौपाटीने दाखवले. पण ऐकायला आणि ऐकवायला गेलेल्या पुढाऱ्याला उद्या त्याच लोकांबरोबर राज्य उभारता येते, हे १९६० ने दाखवले. आणि खालच्या गर्दीचे ऐकून घेतले तरी वरच्याला सांगण्याची हिंमत नसेल, तर ते ऐकणे अपुरे राहते, हे १९७५ ने. आजच्या सभांमध्ये श्रोते गाड्या भरून आणले जातात, वेगळा झेंडा दिसला की तो मैदानाबाहेर काढला जातो आणि वक्ता आपल्याच माणसांच्या टाळ्यांवर समाधानी असतो. अशा पुढाऱ्याला पसरणीच्या घाटातून जाण्याची वेळ येतच नाही आणि रस्त्याच्या कडेला कोण उभे आहे, हेही त्याला कधी कळत नाही.

फलटणच्या त्या बैठकीनंतर नीरेतून पुष्कळ पाणी वाहून गेले. नदीच्या दोन्ही काठांवर आज यशवंतरावांचे नाव आदराने घेतले जाते, त्यांची नावे संस्थांना, सभागृहांना दिली जातात. त्या सभागृहांत विरोधी विचारांच्या माणसाला बोलावून त्याचे ऐकून घेण्याची प्रथा पडली, तर ते त्यांचे अधिक साजेसे स्मारक ठरेल.